गाडी एका अंगाला का झुकते? बसलेल्या पाट्यांचं गणित

गाडी सिमेंटच्या सपाट अंगणात उभी आहे. चारी टायरांत हवा सारखी, आत कोणी बसलेलं नाही, मागे सामान नाही. तरी मागून पाहिलं की ड्रायव्हरच्या बाजूचं मडगार्ड दोन बोटं खाली. मालक गॅरेज गाठतो. पहिला मिस्त्री खाली डोकावून गाडी पेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगकडे, म्हणजे पाट्यांकडे, बघत म्हणतो, "पाटं बसल्यात मालक, त्या अंगाला एक वाढवून टाकू." दुसरा म्हणतो, "नव्याला कशाला पैसे घालताय, ठोकून कमान भरून देतो." तिसरा दोन्ही बाजूंच्या नव्या सेटचा भाव सांगतो आणि वर पहिल्या दोघांना नावं ठेवतो. तीन सल्ले, तीन बिलं. आजार कोणता आहे हे मात्र अजून कुणी तपासलेलंच नसतं.

साताऱ्याच्या पश्चिमेला हा प्रश्न हौशी लोकांपुरता नाही. यवतेश्वरचा घाट चढून कास-बामणोलीकडे जा, ठोसेघर-चाळकेवाडीकडे जा, नाहीतर पाटणच्या खोऱ्यात उतरा. तिथे फोर व्हील ड्राइव्ह गाडी दुधाचे कॅन, खताची पोती, आल्याचं बेणं आणि अडीनडीला पेशंटसुद्धा वाहते. २०१० ते २०२० मधल्या थारला मागे पाटे आहेत, बोलेरो कॅम्परलाही मागे आहेत, आणि जिप्सीला तर चारी चाकांवर. वडापात, म्हणजे गावोगाव प्रवासी भरून नेण्याच्या धंद्यात, हयात घालवलेल्या जुन्या जीपांचं तर विचारूच नका. २०२० ची नवी थार आणि जिम्नी कॉइल स्प्रिंगवर उभ्या आहेत, त्यामुळे त्यांच्या मालकांनी हा लेख सोडून चहा घेतला तरी चालेल.

## पाटा करतो काय?

पाटा म्हणजे स्प्रिंगच्या पोलादाच्या लांब पट्ट्यांचा सेट. सगळ्यात वरची आणि सगळ्यात लांब पट्टी म्हणजे मेन पाटा. तिची दोन्ही टोकं गोल वळवलेली असतात आणि त्यांत बुश, म्हणजे रबरी नळकांडी, बसतात. खालच्या पट्ट्या क्रमाने आखूड होत जातात. एक टोक चेसिसला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, पिनने पक्कं असतं. दुसरं टोक शॅकलवर, म्हणजे झुलणाऱ्या दोन पट्ट्यांवर, टांगलेलं असतं. वजन आलं की पाट्याची कमान उघडते आणि टोकांमधलं अंतर वाढतं. त्या वाढीला जागा हवी म्हणून शॅकल. सगळ्या पट्ट्यांना मधोमध एक सेंटर बोल्ट आरपार जातो, त्याचं डोकं ॲक्सलवरच्या, म्हणजे दोन्ही बाजूंची चाकं जोडणाऱ्या आडव्या दांड्यावरच्या, भोकात बसतं, आणि दोन यू बोल्ट सगळा गठ्ठा ॲक्सलला आवळून धरतात.

म्हणजे पाट्याकडे दोन कामं आहेत. एक, वजन पेलणं. दुसरं, ॲक्सल जागेवर धरून ठेवणं. कॉइल स्प्रिंगच्या गाडीत हे दुसरं काम वेगळ्या दांड्या करतात. इथे सगळी भिस्त पाट्यावर. त्यामुळे पाट्याचा दोष बसणाऱ्याच्या कंबरेपुरता राहत नाही, गाडी रस्त्यावर सरळ चालते की तिरकी हेही त्यावरच ठरतं.

## बसलेला पाटा नरम झालेला नसतो

बहुतेक चुकीचे इलाज इथूनच सुरू होतात. बाजारातला आकड्याला पिशवी अडकवायचा ताणकाटा आठवा. जुना झाला की रिकामा असतानाच तो पावकिलो दाखवतो. पण त्याला एक किलोचं वजन अडकवा, काटा बरोबर एक किलोनेच पुढे सरकतो. आतली स्प्रिंग नरम पडलेली नाही. तिचं शून्य सरकलंय.

पाट्याचं तेच होतं. त्याच्या अंगी दोन वेगळे गुण असतात. पहिला कडकपणा, म्हणजे एक मिलिमीटर दाबायला किती किलो लागतात. दुसरा कमान, म्हणजे सुटा ठेवला असता तो किती वाकलेला आहे. कडकपणा ठरतो पट्टीची जाडी, रुंदी, लांबी आणि पट्ट्यांची संख्या यांवर. वापराने यातलं काही बदलत नाही. बदलते ती कमान. दहा वर्षं पोती वाहिलेला पाटा एक मिलिमीटर दाबायला आजही जवळपास तेवढंच वजन मागतो. फक्त त्याची सुरुवातच खालून होते.

अपवाद गंजाचा. पट्टीचा कडकपणा जाडीच्या घनाने बदलतो, म्हणजे जाडी दुप्पट केली तर कडकपणा आठपट. त्यामुळे सहा मिलिमीटरची पट्टी गंजून साडेपाच झाली की तिचा जवळजवळ पाव हिस्सा कडकपणा जातो. जावळी-महाबळेश्वरच्या पावसात उघड्यावर राहणाऱ्या गाडीत हे घडू शकतं. मात्र त्यासाठी पोपडे निघण्याइतका गंज लागतो. नुसती तांबूस पडलेली पट्टी त्यात मोडत नाही.

## मग कमान जाते कशाने?

पोलाद एका मर्यादेपर्यंत वाकवलं तर सोडल्यावर मूळ आकारात येतं. मर्यादा ओलांडली की थोडा वाक कायमचा राहतो. कारखान्यात हे ठाऊक असतं, म्हणून नवा पाटा बसवण्याआधीच एकदा मुद्दाम मर्यादेपलीकडे दाबतात. जो काही बसायचा तो तिथेच बसून घेतो आणि पुढे रोजच्या वजनाला टिकतो.

आपल्याकडे ती मर्यादा परत परत ओलांडली जाते. नऊ जणांच्या जीपमध्ये चौदा जण कोंबणं हे उघड कारण. त्याहून छुपं कारण म्हणजे वेगात खड्ड्यात गेलेली भरलेली गाडी. तेव्हा पाट्यावर येणारा जोर उभ्या गाडीच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त असतो. त्यासाठीच ॲक्सलच्या वर, चेसिसखाली एक रबरी ठोकळा असतो, बंप स्टॉप. पाटा फार दबू लागला की ॲक्सल त्या रबरावर टेकतं आणि पाटा वाचतो. जुन्या गाडीत हा ठोकळा हमखास गळून पडलेला असतो आणि त्याची किंमत पाट्याच्या मानाने किरकोळ असल्यामुळे कुणाला त्याची आठवणही येत नाही. माझं मत विचाराल तर पाट्याचा विषय निघाला की आधी हा रबर आहे का ते बघावं.

एकच बाजू जास्त का बसते, याचं साधं उत्तर वजन. ड्रायव्हर रोज उजवीकडेच बसतो. डिझेलची टाकी, बॅटरी, बाजूला टांगलेली स्टेपनी यांतलं काही त्याच अंगाला असेल तर भर पडते. काही परदेशी कंपन्यांनी हे ओळखून ड्रायव्हरच्या बाजूचा पाटा मुळातच थोड्या जास्त कमानीचा दिला. अशा गाडीचे पाटे कुणी खोलून डावे-उजवे अदलाबदल करून बसवले, तर धडधाकट पाट्यांवरही गाडी झुकते.

## पैसे काढण्याआधी टेप काढा

ही तपासणी घरच्या घरी होते, आणि माझ्या मते सगळ्या लेखातला कामाचा भाग हाच आहे.

आधी जमीन. अंगण सपाट दिसतं म्हणून सपाट नसतं. गवंड्याची पाण्याची नळी असेल तर उत्तम. नसेल तर मोजमाप घ्या, गाडी वळवून तोंड उलट दिशेला करून चाकं त्याच जागी उभी करा आणि पुन्हा मोजा. झुकाव गाडीबरोबर न फिरता जमिनीच्या त्याच अंगाला राहिला, तर दोष अंगणाचा. मग टायर. चारी एकाच मापाचे आणि सारख्या हवेचे हवेत. गाडी रिकामी करा, मागून-पुढून दोन-तीनदा दाबून सोडा म्हणजे अडकलेल्या पट्ट्या मोकळ्या होऊन जागेवर येतील.

आता चाकाच्या मध्यबिंदूपासून थेट वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर चारी चाकांना मोजा. जमिनीपासून मोजू नका, नाहीतर टायरची झीज त्या आकड्यात मिसळते. नंतर गाडीखाली जाऊन दोन्ही बाजूंना ॲक्सल आणि चेसिस यांच्यातलं अंतर मोजा. हे दुसरं माप बहुतेक जण घेत नाहीत आणि तिथेच फसतात. कारण बॉडी चेसिसवर रबराच्या चकत्यांवर बसवलेली असते. त्या चकत्या एका बाजूच्या चेपल्या असतील, किंवा गाडी कधी ठोकून दुरुस्त झाली असेल, तर मडगार्ड वाकडं दिसतं आणि पाटे बिचारे ठीक असतात. ॲक्सल-चेसिस अंतर दोन्हीकडे सारखं आणि मडगार्डला फरक, असं दिसलं तर पाट्याला हात लावू नका.

झुकाव मागचा की पुढचा, हेही डोळ्याला कळत नाही. चेसिस ताठ असते, त्यामुळे मागचा एक पाटा बसला की पुढचं टोकही त्याच अंगाला झुकतं. ओळखायची युक्ती अशी: पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा, मागे चेसिसच्या आडव्या तुकड्याच्या बरोबर मधोमध जॅक लावा आणि मागच्या चाकांवरचा भार निघेल इतकंच उचला. आता मागची बाजू एका बिंदूवर आहे, ती पुढच्याला कुठल्याच अंगाला झुकवू शकत नाही. पुढचं टोक सरळ झालं तर दोष मागे. तसंच वाकडं राहिलं तर दोष पुढे. हे करताना गाडीखाली शिरायचं नाही. जॅकवरच्या गाडीखाली जाणारा माणूस धाडसी नव्हे, बेफिकीर.

यानंतर टॉर्च घेऊन पाट्यांकडे नीट बघा. पट्टीला चीर असेल तर ती बहुतेक सेंटर बोल्टजवळ किंवा खालच्या पट्टीचं टोक जिथे घासतं तिथे सापडते. तुटलेल्या पट्टीची कड पाहण्यासारखी असते: काही भाग काळपट-तांबडा, गंज चढलेला, आणि उरलेला करडा, ताजा, दाणेदार. काळपट भाग म्हणजे चीर किती दिवस मुकाट्याने वाढत होती त्याची खूण. करडा भाग शेवटच्या खड्ड्यात गेला. पट्ट्यांच्या कडा एका रेषेत नसतील तर सेंटर बोल्ट तुटलेला असण्याची शंका घ्या. मग पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत डावं-उजवं अंतर मोजा. फरक निघाला तर ॲक्सल सरकलंय, गाडी तिरकी चालते आणि टायर खाते. हे उद्यावर टाकू नये. शॅकल गंजून जाम असेल तर पाट्याला लांब व्हायला जागा मिळत नाही आणि ती बाजू उंच अडकून राहते. मग दुसरी बसल्यासारखी दिसते.

एवढं करूनही शंका राहिली तर शेवटची परीक्षा: दोन्ही बाजूंचे पाटे एकच पार्ट नंबरचे असतील तर डावा-उजवा बदलून बघा. झुकाव पाट्याबरोबर दुसरीकडे गेला, तर चोर सापडला. झुकाव होता तिथेच राहिला, तर पाटा निर्दोष. फरक थोडा असेल तर कधीकधी या अदलाबदलीतच काम होऊन जातं, कारण जास्त कमानीचा पाटा आपोआप जड बाजूखाली येतो.

किती फरक चालतो? चाकापासून मडगार्डपर्यंत अर्ध्या इंचाच्या आत असेल तर मी गप्प बसेन. पाटे आतल्या बाजूला असतात आणि मडगार्ड बाहेर, त्यामुळे पाट्याजवळचा छोटा फरक बाहेर मोठा होऊन दिसतो.

## एका बाजूला पाटा वाढवला तर काय बिघडतं?

हा सगळ्यात लोकप्रिय इलाज, म्हणून जरा हिशेब करू. आकडे समजुतीसाठी घेतलेत, प्रत्येक गाडीचे वेगळे असतात.

समजा एका बाजूच्या पाट्याचा कडकपणा मिलिमीटरला ३ किलो आहे आणि रिकाम्या गाडीचं ३०० किलो वजन त्यावर येतं. पाटा १०० मिलिमीटर दबेल. डाव्याची सुटी कमान १२०, म्हणजे गाडीखाली २० शिल्लक. उजव्याची कमान २५ ने गेली आहे, म्हणजे सुटी ९५. दबतो तोही १००च. तो सपाट होऊन वर ५ मिलिमीटर उलटा वाकतो. दोन्ही बाजूंत २५ मिलिमीटरचा फरक, हाच आपला झुकाव.

आता उजवीकडे एक पट्टी वाढवली आणि कडकपणा ४ झाला. ३०० भागिले ४, दाब ७५. ९५ मधून ७५ गेले, उरले २०. गाडी एकदम सरळ! मिस्त्रीने हात पुसले, मालकाने पैसे दिले.

दुसऱ्या दिवशी मागे आल्याची पोती चढली, प्रत्येक बाजूला २०० किलो जादा. डावी बाजू ६७ मिलिमीटर खाली गेली, उजवी ५०. गाडी आता डावीकडे १७ मिलिमीटर झुकते. रिकामी सरळ, भरली की वाकडी, आणि मालक पुन्हा गॅरेजच्या दारात, या वेळी डाव्या बाजूची तक्रार घेऊन. गेली होती कमान आणि वाढवला कडकपणा, म्हणून सरळपणा फक्त एकाच वजनाला जुळला.

फोर व्हील ड्राइव्हला याचा आणखी एक फटका. खडबडीत वाटेवर एक चाक दगडावर चढतं तेव्हा दुसरं खड्ड्यात उतरायला हवं, म्हणजे ॲक्सलला तिरकं होता यायला हवं. पाटे जितके कडक तितकं ते कमी तिरकं होतं, आणि खड्ड्यातल्या चाकावरचा भार निघून जातो. डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची पेटी, भार नसलेल्या चाकाला सुसाट फिरू देते आणि गाडी जागच्या जागी चिखल उडवत राहते. फोर बाय फोरचा लिव्हर ओढूनही गाडी का अडकली, याचं उत्तर कधीकधी वाढवलेल्या पाट्यात असतं.

पाटा वाढवणं सरसकट वाईट आहे असं नाही. गाडीवर कायमचं वजन वाढलं असेल, जसं लोखंडी बंपर, विंच, पाण्याची टाकी, तर दोन्ही बाजूंना सारखी पट्टी वाढवणं रास्त आहे. तिथे कमी पडतो तो कडकपणाच.

## ठोकून कमान भरलेली टिकते का?

टिकते, पण कशी भरली त्यावर. पाटे खोलून प्रत्येक पट्टी सुटी करतात आणि प्रेसमध्ये किंवा ऐरणीवर थोडी-थोडी सरकवत वाकवतात. चांगला कारागीर आधी धड बाजूची पट्टी फरशीवर आडवी कडेवर ठेवून खडूने तिच्या कमानीची रेघ मारून घेतो. मग बसलेली पट्टी चार ठोके देऊन त्या रेघेवर ठेवतो, बघतो, पुन्हा ऐरणीवर नेतो. मेन पाटा झाला की खालची पट्टी त्याला जुळवतो, आणि खालच्या पट्टीची कमान वरचीपेक्षा किंचित जास्त ठेवतो. मग सेंटर बोल्ट आवळला की टोकं घट्ट चिकटतात आणि पट्ट्यांमध्ये फट राहत नाही. फरशीवर अशी रेघ न मारता नुसत्या नजरेने ठोकणाऱ्याकडे मी माझी गाडी देणार नाही.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, थंड पोलाद उलट दिशेने वाकवलं की ते पुन्हा आधीच्या दिशेला वाकायला जास्त लवकर तयार होतं. हा पोलादाचा स्वभाव आहे, कारागिराची चूक नव्हे. म्हणून भरलेली कमान नव्या पाट्यापेक्षा लवकर बसते. भरल्यानंतर पाटा एकदा प्रेसखाली पूर्ण दाबून घेतला तर बसायचा तेवढा तिथेच बसतो, आणि मग उरलेली कमान मोजून दोन्ही बाजू जुळवता येतात. दुसरी, घणाचे खोल वण. पाट्याच्या कमानीची आतली, म्हणजे वरची बाजू गाडीखाली ताणली जाते. तिथे घणाच्या कडेचा खोल वण असेल तर चीर तिथूनच सुरू होते.

आणि गॅसने तापवून वाकवायची गोष्ट कुणी काढली तर गाडी घेऊन निघा. कोयत्याला पाणी पाजणारा लोहार तुम्हाला सांगेल की धार टिकते ती पाण्यामुळे. पाट्याचं पोलादही कारखान्यात सुमारे ८५० ते ९०० अंशांपर्यंत तापवून तेलात बुडवतात, मग पुन्हा ४०० ते ५०० अंशांवर ठेवून त्याचा ठिसूळपणा घालवतात. गॅसच्या ज्योतीने एक पट्टा लाल केला की तेवढ्या जागेचं पाणी उतरलं. तिथे पाटा नरम, शेजारी कडक, आणि तुटतो तो त्या दोघांच्या सीमेवर. तुटलेला मेन पाटा वेल्डिंग करून घेणं हाही त्याच जातीचा प्रकार.

## "शॉकॲब्सॉर्बर नवे टाकले तर उचलेल ना?"

नाही. शॉकॲब्सॉर्बरचं काम पाट्याची उसळी शमवणं, गाडी पेलणं नव्हे. गॅस भरलेले असतील तर किंचित वर रेटतात, पण त्याने दोन बोटांचा झुकाव जात नाही. खड्ड्यानंतर गाडी तीन-चारदा डोलत राहत असेल तर ते जरूर बदला. तो वेगळा आजार आहे.

## उंच शॅकल, ठोकळे आणि पुढचा स्क्रू

लांब शॅकल लावला की गाडी उचलते, पण शॅकल जितका लांब केला त्याच्या साधारण निम्मीच. आणि पाट्याचं एकच टोक वर-खाली झाल्याने ॲक्सल किंचित फिरतं. पुढे असेल तर स्टिअरिंग भरकटतं, मागे असेल तर प्रोपेलर शाफ्टच्या, म्हणजे इंजिनाचा जोर ॲक्सलला पोचवणाऱ्या फिरत्या दांड्याच्या, जोडाचा कोन बदलतो आणि वेगात थरथर येते. ॲक्सल आणि पाटा यांच्यामध्ये ठोकळा घालणं मागे एखाद वेळी चालवून घेतात. पुढच्या ॲक्सलला मात्र कधीही नको. ब्रेक मारताना तिथे पडणारा पीळ ठोकळा सरकवू शकतो.

जुन्या थारच्या सीआरडीई मॉडेलला पुढे पाटे नाहीत, टॉर्शन बार आहेत, म्हणजे पिळून काम करणारे दांडे. त्यांना उंची कमी-जास्त करायचा स्क्रू असतो. मागचा पाटा बसलेला असताना तो स्क्रू फिरवून गाडी सरळ करणारे बरेच आहेत. दिसायला सरळ होते, पण वजन तिरपं वाटलं जातं: पुढचं एक चाक आणि त्याच्या समोरच्या कोपऱ्यातलं मागचं चाक जास्त ओझं घेतात. ओल्या घाटात ब्रेक मारल्यावर ते जाणवतं.

मागची बाजू उंचावणाऱ्यांनी आणखी एक दांडी बघावी. बऱ्याच पिकअप आणि जीपांत चेसिस आणि मागचं ॲक्सल यांना जोडणारी एक दांडी ब्रेकच्या व्हॉल्व्हला जाते. ॲक्सल चेसिसच्या जवळ आलं की व्हॉल्व्ह समजतो गाडी भरली, आणि मागच्या ब्रेकला जास्त जोर देतो. गाडी उंच केली आणि दांडी तशीच ठेवली, तर भरलेली गाडीही त्याला रिकामी वाटते आणि मागचे ब्रेक कमी लागतात.

कायद्याचं थोडक्यात: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा फेरफार करता येत नाही. बसलेला पाटा मूळ कमानीवर आणणं ही दुरुस्ती. चार इंच उचलणं हा फेरफार.

## झुकाव आहे पण चालतंय, तर राहू द्यावं का?

मागचं ॲक्सल अखंड असल्याने बॉडी झुकली तरी चाकं रस्त्याला काटकोनातच राहतात. त्यामुळे नुसत्या झुकावाने मागचे टायर खात नाहीत, हे खरं. तोटा वेगळा आहे. बसलेल्या बाजूला बंप स्टॉपपर्यंतचं अंतर कमी उरतं. यवतेश्वरच्या घाटात डाव्या वळणावर गाडी उजवीकडे कलते, तेव्हा उजवा पाटा आधीच खाली असेल तर ॲक्सल रबरावर आदळतं, स्प्रिंगचं काम तिथेच संपतं आणि पुढचा सगळा धक्का चेसिसला, टायरला आणि तुमच्या मणक्याला. रबर गळालेला असेल तर तर लोखंडावर लोखंड. शहरात फिरणाऱ्या गाडीचा थोडा झुकाव मी राहू देईन, ओझं घेऊन घाट चढणाऱ्या गाडीचा नाही.

## नवे कधी घ्यावेत?

चीर दिसली, गोल टोक उघडायला लागलं, गंजाने पट्ट्या पातळ झाल्या, किंवा आधी एकदा कमान भरून झाली आहे आणि पुन्हा बसली आहे, तर नवे घ्या. दोन्ही बाजूंचे एकदमच, एकाच कंपनीचे. एक नवा आणि एक दहा वर्षांचा म्हणजे झुकाव उलट्या अंगाला विकत घेणं. डाव्या-उजव्याचे पार्ट नंबर वेगळे आहेत का ते घेतानाच विचारा. बाकी सगळ्या पट्ट्या धड असून मधली एकच तुटली असेल तर ती एक बदलणंही चालतं, फक्त जाडी आणि कमान जुळली पाहिजे.

जुन्या पाट्यांना जळकं ऑइल मारायची पद्धत आहे. धूळ त्याला चिकटून सँडपेपरचं काम करते आणि रबरी बुश फुगतात. पाटे खोललेच असतील तर पट्ट्यांच्या मध्ये ग्रॅफाइट ग्रीस लावा. टोकांना प्लास्टिकच्या पट्ट्या असतील तर तेही नको.

## बसवताना शेजारी उभं राहून काय बघायचं?

गाडी जॅकवर नव्हे, चेसिसखाली घोड्या लावून उभी असावी. यू बोल्ट नवे घ्या. जुने एकदा ताणलेले असतात आणि पुन्हा तितके घट्ट राहत नाहीत. सेंटर बोल्टचं डोकं ॲक्सलच्या भोकात पूर्ण बसलंय का ते यू बोल्ट आवळण्याआधी बोटाने चाचपून बघायला सांगा. शॅकलचे आणि पुढच्या पिनचे नट आधी फक्त हाताने. गाडी चाकांवर उतरवून तिचं वजन पाट्यांवर आल्यावरच ते शेवटचे आवळायचे. हवेत लटकलेल्या ॲक्सलवर आवळले तर रबरी बुश त्याच अवस्थेत चिमटला जातो, गाडी खाली आली की पिळतो, काही दिवस गाडी खोटी उंच दिसते आणि मग बुश फाटतो. हा एक नियम पाळणारा मिस्त्री मिळाला तर त्याला सोडू नका.

काहीशे किलोमीटर चालल्यावर यू बोल्ट पुन्हा आवळून घ्या आणि त्याच अंगणात, त्याच जागी, चारी मापं पुन्हा घ्या. नवे पाटे पहिल्या काही आठवड्यांत थोडे खाली येतात, म्हणून हेडलाइटची दिशा जुळवायचं काम बसवल्या दिवशी करू नका. हे दुसरं माप झाल्यावर करा.